घर जळालं तर राख झाडायची घाई करू नका

आमच्याकडं कुणाचं घर जळालं की उजाडायच्या आत अर्धं गाव खराटे-फावडी घेऊन दारात हजर होतंय आणि दुपारपर्यंत सगळी राख ट्रॉलीत भरून उकिरड्यावर. माया असतीय त्याच्यात, कुणाला नाव ठेवायचं नाही. पण त्याच ट्रॉलीत पंचनाम्याचा पुरावा जातो, सोनं जातं, अर्ध्या जळक्या नोटा जातात, आणि त्या घरच्या बाईला आपलं काय काय गेलं हे एकदा डोळ्यानं बघायलाबी मिळत नाही. आमचं घर जळालं त्यानंतर तालुक्यात कुठं असं काही झालं की लोक मला फोन करायलेत, ताई आता आधी काय करायचं, कुठं जायचं, म्हणून म्हणलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. परभणीकडची आहे मी, त्यामुळं उदाहरणं आमच्याकडचीच येतील.

आग विझली असं लगेच धरू नका

आमच्या भागात दिवाळीनंतर निम्म्या घरांत कापूस भरलेला असतोय. भाव वाढंल म्हणून बैठकीत, ओसरीत, कुणाच्या तर पार पलंगाखाली. हा कापूस लई वंगाळ जळतो. वरून पाणी मारलं की काळा गोळा होऊन गप बसतो आणि आत धुमसत राहतो, मग दोन-तीन दिवसांनी वारं सुटलं की परत पेट घेतो. म्हणून कापसाचा ढीग फावड्यानं पसरून, उघड्यावर नेऊन, पुन्हा पुन्हा भिजवायचा. कडब्याच्या गंजीचं तसंच. रात्री कुणीतरी पाळीनं जागं राहायचं, फुकाचा शहाणपणा करून सगळ्यांनी झोपायचं नाही.

माळवदाचं घर असेल तर आत पाऊल टाकू नका. वरची माती अग्निशमनच्या पाण्यानं भिजून लई जड झालेली असती आणि खालच्या तुळया आतून कोळसा झालेल्या असतात, बाहेरून नुसत्या काळ्या दिसतात. जड माळवद आणि दगडमातीच्या भिंती अंगावर आल्यावर काय होतं हे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानं सगळ्या मराठवाड्याला दाखवलंय, त्याच्यावर मी वेगळं काय सांगू. स्लॅबचं घर असलं तरी छताचं प्लास्टर सुटून सळया उघड्या पडल्या असतील तर इंजिनिअरनं बघितल्याशिवाय खाली उभं राहायचं नाही. सिमेंटचे पत्रे आगीत फुटतात, त्यांचा चुरा कोरडा झाडू नका, पाणी मारून ओला करून उचला आणि तोंडाला रुमाल बांधा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

लाईट खांबावरूनच बंद करून घ्यायची, महावितरणचा नंबर १९१२. सिलेंडर घरात असेल तर गॅसची इमर्जन्सी १९०६ ला कळवा. आगीचा बंब १०१, अ‍ॅम्ब्युलन्स १०८, आणि काहीच सुचंना तर ११२. हे चार-पाच आकडे भिंतीवर लिहून ठेवा म्हणलं असतं, पण भिंतच जळती हो, म्हणून पोरांना पाठ करायला लावा.

कुणी भाजलं असंल तर साधं थंड वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज यायच्या आत काढा, पण नायलॉनची साडी अंगाला चिकटली असंल तर ती ओढायची नाही, तशीच राहू द्या, आणि स्वच्छ सुती कापड वरून टाकून दवाखाना. आणि धूर पोटात गेलेल्या माणसाला "काय नाय झालं, बसा" म्हणून बसवू नका. डोकं दुखायलं, मळमळायलं, भ्रमल्यासारखं बोलायलं तर तो कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम असू शकतो, अंगावर एक फोड नसला तरी त्याला ऑक्सिजन लागतो. जवळचा सरकारी दवाखाना आधी, मग तिथले डॉक्टर पुढं संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याला किंवा अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्याला पाठवतील ते बघतील.

पंचनामा होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही

हे मी प्रत्येकाला तीन-तीनदा सांगते. जीव वाचवायला, आग विझवायला जे हलवावं लागलं ते लागलं, पण त्यानंतर जागच्या जागी. मोबाईलवर व्हिडिओ काढा, दारातून सुरू करून एका बाजूनं फिरत फिरत, तोंडानं बोलत की हे कपाट होतं, इथं टीव्ही होता, ह्या कोपऱ्यात बियाणाच्या बॅगा होत्या. बोललेलं महत्त्वाचं आहे, कारण दोन महिन्यांनी तुमचं तुम्हालाच त्या फोटोत काय होतं ते ओळखू येत नाही.

तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच) फोन करा, ग्रामसेवकाला आणि पोलीस पाटलालाबी. तहसीलदाराच्या नावानं एक साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यात जळिताची नोंद करायला लावा. बंब आला असेल तर नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडून दाखला मागा. हे तीन कागद, म्हणजे पंचनामा, पोलिसांची नोंद, अग्निशमनचा दाखला, पुढं प्रत्येक खिडकीवर लागतात, म्हणून दहा-दहा झेरॉक्स मारून एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घरातल्या एकाच माणसाकडं.

पंचनामा लिहिताना शेजारी बसा. "संसारोपयोगी साहित्य जळाले" एवढ्या एका ओळीत तुमचं आख्खं घर गुंडाळलं जातं. तसं होऊ देऊ नका. नम्रपणे पण चिकटून बसा आणि लिहायला लावा, कापूस अंदाजे किती क्विंटल, सोयाबीनचे कट्टे किती, शिलाई मशीन, कपाट, पोरांची पुस्तकं, रोख किती, सोनं किती. आमच्याकडं आलेल्या एका साहेबांना लई घाई होती, त्यांना मामंजींनी चहा पाजत पाजत यादी लिहायला लावली, तो चहा तीनदा झाला. सह्या झाल्या की तिथल्या तिथं फोटो काढून घ्या.

गोठा जळून जनावर गेलं असंल तर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन आणि दाखला, कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसंल असा फोटो. दु:खात माणसं जनावर लगेच पुरून टाकतात आणि मग मदत अडकती.

उसतोडीला गेलेल्यांच्या कोप्या, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्या, जळतात, बीडकडच्या लोकांना हे काय नवीन नाही. तिथं गावाकडं फोन करून काही होत नाही, पंचनामा जिथं कोपी जळाली तिथल्याच तलाठ्याचा लागतो, म्हणून मुकादमाला सोबत घ्या आणि कारखान्याच्या शेतकी विभागालाबी लेखी कळवा.

पैसे कुठून कुठून मिळू शकतात

सरकारी मदतीच्या निकषांत आग ही आपत्ती धरलेली आहे, पूर-भूकंपासारखीच. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्रानं ठरवलेले आकडे असे होते: सपाट भागातलं घर पूर्ण नष्ट झालं तर १ लाख २० हजार, अंशतः पडझड पक्क्या घराला साडेसहा हजार आणि कच्च्याला चार हजार, झोपडीला आठ हजार, गोठ्याला तीन हजार. कपड्यांना अडीच हजार आणि भांड्यांना अडीच हजार. दुभती गाय-म्हैस ३७ हजार ५००, बैल ३२ हजार, शेळी-मेंढी चार हजार. माणूस गेला तर वारसांना चार लाख. आकडे बदलत असतात, तहसीलमध्ये नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर ताजा जीआर दाखवा म्हणा. आता बघा, "पूर्ण नष्ट" आणि "अंशतः" ह्या दोन शब्दांत लाखाच्या वर फरक आहे, म्हणून भिंती उभ्या आहेत पण माळवद जळून बसलंय असं असंल तर तिथंच विचारा की साहेब हे राहण्यालायक आहे का, नसंल तर तसं लिहा.

गॅसमुळं आग लागली असंल तर लोकांना माहीतच नसतंय की तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, आपण वेगळा हप्ता भरत नाही. मृत्यू झाला तर माणशी सहा लाख, दवाखान्याचा खर्च माणशी दोन लाखांपर्यंत, मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेला जास्तीत जास्त दोन लाख, पण कनेक्शन ज्या पत्त्यावर नोंदलंय त्याच पत्त्यावर घटना झाली पाहिजे. एजन्सीला लगेच लेखी कळवा, तोंडी नाही.

विजेमुळं लागली असं वाटत असंल तर विद्युत निरीक्षकाकडं तक्रार करा. वीज कायदा २००३ मध्ये अपघाताच्या चौकशीची सोय आहे, आणि दोष बाहेरच्या लाईनीचा का घरातल्या वायरिंगचा हे त्यांच्या अहवालावर ठरतं. म्हणून जळका बोर्ड, मीटर, वितळलेली वायर काढून फेकायची नाही. भंगारवाला दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो, तांबं देता का म्हणून, त्याला हाकला.

घरावर कर्ज असंल तर बँकेत जाऊन विचारा की कर्जासोबत घराचा विमा काढला होता का. पुष्कळ वेळा काढलेला असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते, तिच्यात इमारतीसोबत घरातलं सामानबी ठराविक मर्यादेपर्यंत धरलेलं असतं. सर्व्हेअर यायच्या आत साफसफाई केली तर तुमचंच नुकसान.

गावातली वर्गणी, पाहुण्यांची मदत ही घ्या. लाजायचं काय त्यात, आपणबी कधी दिलीच की. फक्त वहीत नाव आणि रक्कम लिहून ठेवा, पुढं त्यांच्या लेकीच्या लग्नाला, अडचणीला आपल्याला ते फेडायचं असतंय.

राख चाळायची कशी

पंचनामा झाला, सर्व्हेअर येऊन गेला, मग राखेकडं वळा, आणि हे काम घरच्या बायकांच्या देखरेखीखाली झालं पाहिजे कारण कुठली वस्तू कुठं होती हे त्यांनाच माहीत असतंय.

सोनं जळत नाही. ते १०६४ अंशाला वितळतं, चांदी ९६२ ला, दागिन्याचं सोनं भेसळीमुळं थोडं आधी. घरातल्या आगीत एवढी उष्णता सगळीकडं नसती, आणि वितळलं तरी ते हवेत उडून जात नाही, गोळी होऊन खाली बसतं. म्हणून कपाट जिथं होतं तिथं, त्याच्या बरोब्बर खाली, फरशीच्या फटीत, उंदराच्या बिळात बघायचं. खोलीचे सुतळी लावून चार-सहा भाग करा, एका भागाची राख एका घमेल्यात, ती आधी वाळू चाळायच्या जाळीतून आणि मग पिठाच्या चाळणीतून. राख पूर्ण गार झालेली पाहिजे, हातात जाड मोजे, तोंडाला मास्क, पोरं लांब. काळी गोळी दिसली की फेकायची नाही, खडा वाटला तरी बाजूला ठेवायचा, वजनानं कळतं.

आमच्या सासूबाईंची लोखंडी पेटी होती, बाळंतपणात माहेरावरून आलेली. वरून सगळी काळी, झाकण फुगून वाकडं झालेलं. दिरानं पहार घालून उघडायला घेतली तर सासूबाई म्हणल्या, थांब, गार होऊ दे. ते बरोबरच होतं, बंद पेटीत कागद असतील आणि गरम असतानाच उघडली तर आत हवा शिरून ते भपकन पेटतात. दुसऱ्या दिवशी उघडली. इरकल लुगड्याची घडी वरून तपकिरी झालेली आणि हात लावला की पापडासारखी मोडायली, पण चौथ्या-पाचव्या घडीच्या आत तिचा काठ तसाच लाल, आणि त्यात गुंडाळलेली पोत. मणी चिकटून एक झाले होते, वाट्या शाबूत.

ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांनी झारेकऱ्याला बोलवा. सराफा लाईनीतली झाडलोट धुऊन सोन्याचे कण काढणारी ही माणसं, राखेत त्यांचा हात बसलेला असतो. वाटा किंवा मजुरी आधी ठरवा आणि धुताना समोर बसा, बास.

नोटांचं वेगळं आहे. जळकं बंडल सुटं करू नका, सरळ करू नका, जसं आहे तसं कापसावर ठेवून स्टीलच्या डब्यात. थोडी कडेला जळलेली नोट साध्या बँकेत बदलून मिळू शकते, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ५० आणि त्याच्या वरच्या नोटेचा सलग सगळ्यात मोठा तुकडा ८० टक्क्यांच्या वर असंल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० मध्ये असंल तर निम्मे. पण कोळसा झालेल्या, हात लावला की तुटणाऱ्या नोटा शाखेत घेत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसातच न्याव्या लागतात. आपल्याला मुंबई नाहीतर नागपूर, नांदेड-लातूरवाल्यांना हैदराबाद जवळ पडतं. पंचनाम्याची प्रत सोबत न्या. बचतगटाचे पैसे घरात असताना जळाले असतील तर गटाच्या अध्यक्षाला आणि बँकेला त्याच दिवशी कळवा, उगं पुढं संशयाला जागा नको.

फोटो ओले होऊन एकमेकाला चिकटले असतील तर ओढून काढू नका, साध्या स्वच्छ पाण्यात ठेवा, हळूहळू सुटतात, मग सावलीत उताणे वाळवा. जळके असतील तर उचलायच्या आधी मोबाईलनं तिथंच त्यांचा फोटो घ्या. आणि पाहुण्यांच्या ग्रुपवर टाका की आमच्या घरातले कुणाकडं जुने फोटो असतील तर पाठवा. लग्नाच्या अल्बमात मागं उभं असलेली आपली माणसं सापडतात. आमच्या आजेसासऱ्यांचा फोटो असाच सेलूच्या एका पाहुण्यांच्या लग्नात पंगतीत वाढताना सापडला.

कागदपत्रं, पण क्रमानं

सगळ्यात आधी सिमकार्ड. का, तर पुढचं सगळं ओटीपीवर आहे. मग आधार, नंबर आठवत नसंल तर रेशन दुकानदाराकडं, शाळेत, बँकेत, गॅस एजन्सीत कुठंतरी नोंद असतीच. आधार हातात आलं की बँक पासबुक, रेशनकार्डाची दुय्यम प्रत तहसीलच्या पुरवठा विभागातून, डिजिलॉकरमधून जे निघंल ते. सातबारा, आठ-अ ऑनलाईन निघतो, त्याची काळजी नको. खरेदीखत नोंदणीकृत असंल तर दुय्यम निबंधकाकडं नक्कल मिळते. दहावी-बारावीचं मार्कमेमो शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून, लातूर, नांदेड, धाराशिव यांना लातूर मंडळ आणि बीड, परभणी, जालना, हिंगोलीला छत्रपती संभाजीनगर. एलआयसी, एफडी यांना बॉण्ड लिहून दिला की दुसरी प्रत.

जुन्या कागदांचं मात्र दुखतं. आमच्याकडं कितीतरी घरांत निजामकाळातले उर्दूतले कागद, खासरा, पहाणी, गाठोड्यात बांधून ठेवलेले असतात आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली तेव्हा त्या गाठोड्यांना एकदम भाव आला. ते जळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा, गावाचं नाव, सर्व्हे नंबर, पणजोबाचं नाव द्या. मिळंल का नाही हे नशीब, पण अर्ज केल्याशिवाय तर नक्कीच मिळत नाही. ज्यांची घरं शाबूत आहेत त्यांनी हे वाचून झालं की आजच त्या गाठोड्याचे मोबाईलवर फोटो काढून दोन पाहुण्यांना पाठवून द्या.

घरातलं खाणं आणि भांडी

थोडक्यात सांगते. धूर लागलेलं पीठ, डाळी, तेल, मसाला, औषधगोळ्या सगळं टाकून द्या, वास नाही आला तरी. फुगलेले डबे टाका. स्टील-पितळ घासून चालतं, नॉनस्टिक नाही. काजळी आधी कोरडी झटकून घ्या, मग धुवा, उलट केलं तर ती चिकटती आणि जन्मभर निघत नाही. बियाणं तापलं असंल तर पेरायच्या आधी उगवण तपासा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवले मोजा.

येणाऱ्या माणसांनी काय आणायचं

लोक साड्या आणतात. सगळे साड्याच आणतात. आमच्याकडं साड्यांचा ढीग पडला आणि परकर एक नाही, अंगातले कपडे कुणीच आणले नाहीत कारण बोलायला लाज. तर जवळच्या बाईनं गुपचूप विचारून ते आणावं, पॅडचं पाकीट, पोरांच्या चड्ड्या, म्हाताऱ्या माणसाची बीपी-शुगरची गोळी, चष्मा, मोबाईलचा चार्जर, बादली, तांब्या, कुलूप. शाळेच्या पुस्तकांचा सेट शिक्षकांना सांगितला तर शाळेतून होतो. जेवणाचे डबे पहिल्या आठवड्यात एवढे येतात की कुत्र्याला घालावं लागतं आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी येत नाही, म्हणून भावकीत पाळी लावून घ्या.

आणि "जीव वाचले ना, बास की" हे वाक्य बोलू नका. खरं आहे ते, पण ते घरच्यानं स्वतः म्हणायचं असतंय, पाहुण्यानं नाही. "कसं लागलं, सांगा तरी" हेबी नको, प्रत्येक नव्या पाहुण्यासमोर ती बाई तीच आग परत पेटवती. घरातल्या एकानं, दीर म्हणा, पुतण्या म्हणा, दारातच बसून सगळ्यांना हकिकत सांगायची जबाबदारी घ्यावी.

अजून एक. आग लागली की चार दिवसांत कुणीतरी कुजबुजतंच, नव्या सुनेचा पायगुण, नाहीतर करणी, भानामती. मग देवऋषी येतो, नारळ-लिंबू-कोंबडं आणि वरून पाच-दहा हजार. जळक्या घराकडं पैसे कुठून आणायचे ते देवऋषी सांगत नाही. त्याला दारातून परत पाठवा. कुणाला करणीवाली म्हणून बोट दाखवायला लागला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसात जाता येतं. आणि सुनेला एकटं पाडू नका, तिचंबी घर जळालेलंच आहे.

मनाचं काय

पहिले काही दिवस कामाच्या धबडग्यात निघून जातात, रडायलाबी वेळ नसतो. खरं सुरू होतं ते नंतर, सगळे आपापल्या घरी गेल्यावर. झोप लागत नाही, लागली तर धुराच्या वासानं जाग येती आणि वास तर कुठंच नसतो. मला फोडणीत मोहरी तडतडली की हातपाय गार पडायचे, कितीतरी दिवस मी फोडणीच घालत नव्हते, नणंद आली की तिला सांगायची. होळीला मी दार लावून आत बसले. असं होणं म्हणजे येड लागणं नाही, शरीर अजून पहाऱ्यावर असतंय एवढंच. हळूहळू सवय केली की उतरतं, आधी दुसऱ्यानं फोडणी घालायची आणि आपण लांब उभं राहायचं, मग जवळ, मग स्वतः.

गेलेल्या वस्तूंची यादी मनात रात्रंदिवस फिरती. ती वहीत लिहून काढा. विम्याला कामाला येतीच, पण डोक्यातूनबी उतरती. आणि त्यात पैशाच्या नसलेल्या वस्तूबी लिहा, पोराच्या पहिल्या जावळाची पुडी, आईनं शिवलेली वाकळ. वाकळ जळाली म्हणून रडणाऱ्या बाईला लोक हसतात, हसू द्या.

पोरं अंथरुण ओलं करतात, शाळेत जायला नको म्हणतात, आईचा पदर सोडत नाहीत, नाहीतर आगआग खेळतात. मारू नका. खेळू द्या, बंब कसा आला, कुणी पाणी टाकलं हे त्यांच्या तोंडून येऊ द्या, आणि होईल तितक्या लवकर शाळा सुरू करा, तिथला रोजचा पाढाच त्यांना धरून ठेवतो. रात्री दार कुठून उघडायचं, बाहेर कुठं जमायचं हे त्यांना दाखवून ठेवलं की पोरं निवांत झोपतात.

गड्यांचं अवघड असतंय. बाया चार जणींत रडतात, गडी माणूस टपरीवर जाऊन गप बसतो, नाहीतर पितो. डोक्यावर पीककर्ज, त्यात कापूस जळालेला, आपल्या मराठवाड्यात ह्याचा शेवट कुठं होतो हे मी लिहायची गरज नाही. "आता काय राह्यलं", "माझ्यामागं तुमचं बरं होईल" असं बोलणं ऐकलं तर त्याला दुर्लक्ष करू नका, एकटं सोडू नका, सरळ विचारा की जीव द्यायचं मनात येतंय का, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते नव्यानं भरत नाही. फवारणीचं औषध घरातून, गोठ्यातून काढून शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, महिना उलटला तरी झोप, जेवण, काम जाग्यावर येत नसंल तर त्यांच्याकडं जायचं.

परत उभं करताना

घरकुलाच्या यादीत नाव नसंल तर ग्रामसभेत ठराव मांडायला लावा, पंचनामा जोडून. एससीला रमाई आवास, एसटीला शबरी, हे वेगळं विचारा.

माळवद परत घालायच्या भानगडीत बहुतेक जण पडत नाहीत, पत्रे नाहीतर स्लॅबच. कशाचंबी बांधा, वायरिंगला पैसे वाचवू नका, रंगाला वाचवा. लायसनवाल्या माणसाकडून काम करून घ्या आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्या, नवीन कनेक्शनला तो लागतोच. आयएसआयची वायर, प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका), अर्थिंगचा खड्डा, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठं गळायला लागला की लाईट तोडणारा खटका). कापूस ठेवायच्या खोलीत बोर्डच काढू नका, उजेडाला बाहेरून बल्ब. चार्जिंगचा मोबाईल गादीवर नको, देवघरातला दिवा पडद्याजवळ नको, चुलीची राख विझल्याशिवाय उकिरड्यावर नको.

आरसीसीबीवर एक छोटं बटण असतंय, टी लिहिलेलं. महिन्यातून एकदा ते दाबून बघा. लाईट गेली म्हणजे तो चालू आहे, परत वर करा. नाही गेली तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.